समाधानकारक गळती

माझ्या हातून एकदा बावीस झाडं बुडाली आहेत. वाळली असती तर लोकांनी समजून घेतलं असतं. विसरला असेल बिचारा, म्हणून विषय संपला असता. पण मी विसरलो नव्हतो. बायको आठ दिवस तिच्या ताईकडे गेली होती आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ, शिवाय आठवण झाली की दुपारीही, झाडांना पाणी घालत होतो. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मला वाटलं, तहान लागली असेल. मग मी बादली वाढवली. बायको परत आली तेव्हा गॅलरीत तेवीस कुंड्यांची तेवीस डबकी झाली होती आणि त्यातलं फक्त एक लिंबाचं रोप मान टाकून का होईना, जिवंत होतं.

तिने मेलेली झाडं उपटली, कुंड्या धुऊन उन्हात ठेवल्या आणि पुढच्या तीन वर्षांत एकेक करत लिंबासकट पुन्हा चौदा झाडं उभी केली. त्या तीन वर्षांत ती दोन दिवसांच्या वर कुठेही राहायला गेली नाही. कोणी बोलावलं की म्हणायची, "घरी झाडं आहेत." हे ती माझ्यादेखत म्हणायची, आणि 'झाडं' म्हणताना माझ्याकडे बघायची नाही, एवढा सभ्यपणा पाळायची.

यंदा मात्र ताईंचा गुडघा बदलायचा ठरला. ताई म्हणजे माझी मोठी मेहुणी. एकट्या राहतात. ऑपरेशननंतर महिनाभर घरात कोणीतरी हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"चार दिवस जाऊन येते," बायको म्हणाली.

"चार दिवसांत गुडघा कसा काय चालायला लागेल?"

"गुडघ्याचं ताई बघेल. इथलं कोण बघणार?"

"मी आहे की."

तिने कपड्यांच्या घडीतून मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत घडी घालायला घेतली. थोड्या वेळाने म्हणाली, "समोरच्या वहिनींना सांगून बघते." आता, धडधाकट नवरा घरात बसलेला असताना झाडांना पाणी घालायला समोरच्या वहिनी येणार, ही बातमी आमच्या इमारतीच्या चारही मजल्यांवर किती वेळात पोहोचली असती याचा मी हिशेब केला. साधारण सात मिनिटं. मी म्हणालो, "कोणाला काही सांगू नकोस. मी व्यवस्था करतो." आणि खरं सांगायचं तर ती व्यवस्था नुसत्या अब्रूसाठी नव्हती. ताई आणि ही, दोघी बहिणी तीन वर्षांत मनसोक्त भेटल्या नव्हत्या, आणि त्याला कारण मी आणि माझी बादली होतो. हे मला रोज टोचत होतं.

व्यवस्था सुचवली ती वरच्या मजल्यावरच्या सरांनी. सर आयुष्यभर केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेत. त्यांच्यात एकच दोष आहे. त्यांना कुठलाही प्रश्न विचारला तरी ते पृथ्वी थंड झाली तिथपासून सुरुवात करतात. त्यामुळे माझ्या कुंड्यांपर्यंत यायला त्यांना पाऊण तास लागला. मथितार्थ असा की चकाकी न दिलेलं मातीचं लहान भांडं कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि झाकण ठेवायचं. भांड्याच्या अंगाला डोळ्याला न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. भोवतालची माती कोरडी झाली की ती छिद्रांतून पाणी ओढून घेते. माती ओली असली की ओढत नाही, पाणी आतच थांबतं.

"म्हणजे झाडाला लागेल तेवढंच मिळतं," सर म्हणाले. "पाणी भरणारा कितीही मठ्ठ असला तरी चालतं."

सर हे सर्वसाधारणपणे बोलले असावेत असं मी धरून चालतो.

मी अशी भांडी विकत घ्यायला निघालो. बाजारातली सगळी दुकानं पालथी घातली. चकचकीत भांडी होती, रंगीत होती, बदकाच्या आकाराची होती. प्रत्येक दुकानदार छातीवर हात ठेवून सांगत होता की थेंबभरही गळणार नाही. "मला गळणारं हवंय," असं मी म्हटलं की दुकानदार आधी हसायचा, मग गंभीर व्हायचा आणि मग नोकराला माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी पाणीपुरवठा कचेरीत एकतीस वर्षं नोकरी केली आहे, आणि तीही गळतीच्या तक्रारींच्या टेबलावर. गळका नळ, गळकी टाकी, गळका जोड, सगळ्यांची नोंद माझ्या हाताने झालेली आहे. निरोप समारंभात साहेबांनी 'गळतीचा कर्दनकाळ' म्हणून माझा गौरव केला होता. त्या माणसाने निवृत्तीनंतर गळक्या भांड्यासाठी दारोदार हिंडावं, याचं मला थोडं वाईट वाटलं. पण दुकानात मिळत नाही म्हणजे आपणच करायचं, हे त्याच दिवशी ठरलं.

सरांनी कृती सांगितली. नुसती माती भाजली तर भांडं फार घट्ट होतं, पाणी पुरेसं झिरपत नाही. म्हणून मातीत लाकडाचा भुसा मिसळायचा. भट्टीत भुसा जळून जातो आणि जिथे जिथे त्याचा कण होता तिथे तिथे पोकळी उरते. छिद्र पाडत बसायचं नाही, आधी तिथे काहीतरी ठेवायचं आणि मग ते जाळून टाकायचं. भुसा जाडा असला तर छिद्रं मोठी, बारीक असला तर बारीक. फार घातला तर भांडं हातात घेताच चुरा.

"म्हणून भुसा चाळून घ्या," सर म्हणाले.

घरात बारीक चाळणी एकच होती, ती चहाची गाळणी. मी ती वापरून, धुऊन, जागच्या जागी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको कप खाली ठेवत म्हणाली, "चहाला आज सुताराच्या दुकानासारखा वास येतोय." मी म्हणालो, पावडर बदलली असेल. ती उठून गाळणी बघायला गेली आणि त्या दिवसापासून आमच्याकडे दोन गाळण्या आहेत.

मी न्हाणीघरात बसून माती मळली, भुसा मिसळला आणि तीन भांडी हाताने घडवली. ती गॅलरीत सुकायला ठेवली आणि इमारतीत बोभाटा झाला. आमच्या इमारतीची गच्ची सहा वर्षं गळते आहे. गळती हा शब्द नुसता कानावर पडला तरी इथली माणसं दचकून छताकडे बघतात. त्यामुळे प्रत्येकजण सल्ला द्यायला आला आणि प्रत्येकाचा सल्ला गळती थांबवण्याचा होता. एकाने आतून सिमेंट फिरवायला सांगितलं. समोरच्या वहिनींनी मेण सुचवलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीसाठी आणलेल्या डांबरी रंगाचा उरलेला अर्धा डबा मोठ्या मनाने देऊ केला. मी हात जोडून सांगितलं की मला गळायलाच हवंय. सेक्रेटरी माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सगळी इमारत एकीकडे आणि तुम्ही एकीकडे." जाताना त्यांनी माझ्या गॅलरीखाली कोणाची गॅलरी आहे याची वहीत नोंद केली.

भाजायचा प्रश्न मी स्वतःच्या अकलेने सोडवला. चौकातल्या बेकरीवाल्याची भट्टी चोवीस तास तापलेली असते. तो भला माणूस. पावाच्या रांगेमागे त्याने माझी तीन भांडी सरकवली आणि दोन तासांनी काढून दिली. भांडी गरम होती, टणक होती, टिचकी मारली की टक्क वाजत होती आणि त्यांना ताज्या पावाचा सुंदर वास येत होता. मी बायकोला, समोरच्या वहिनींना आणि सेक्रेटरींना मुद्दाम बोलावून घेतलं. टेबलावर ताटलीत एक भांडं ठेवलं आणि सगळ्यांच्या समोर त्यात पाणी ओतलं.

पहिलं मिनिटभर काही झालं नाही. मग भांड्याची कड थोडी ओली झाली. मी म्हणालो, "बघा, झिरपतंय." मग भांडं कमरेत वाकलं. मग ते हळूच, कोणाला त्रास होऊ नये अशा बेताने, खाली बसलं. ताटलीत चिखल उरला आणि त्यावर भुशाचे कण तरंगायला लागले. सेक्रेटरी म्हणाले, "गळतंय खरं." वहिनी तोंडाला पदर लावून घाईघाईने घरी गेल्या. बायको मात्र हसली नाही. ती फडकं आणायला आत गेली, आणि तिला माझ्याबद्दल वाईट वाटलं हे मला तिच्या पाठीवरून कळलं. त्यापेक्षा हसली असती तर परवडलं असतं.

सर म्हणाले, "बेकरीत माती नुसती वाळते हो. मातीच्या कणाकणात पाणी बांधलेलं असतं, ते सुटायला पाच-सहाशे डिग्री लागतात. ते एकदा गेलं की तिची परत माती होत नाही. पुढे नऊशेपर्यंत न्यायचं. पण फार पुढे जायचं नाही, नाहीतर कण वितळून एकमेकांना चिकटतात आणि छिद्रं बुजून जातात. कमी तापलं तर चिखल, जास्त तापलं तर काच. मधलं साधलं तर तुमचं भांडं." हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मी म्हणालो. तेव्हा ते म्हणाले की पहिल्या दिवशी मी पृथ्वी थंड होण्याच्या सुमाराला डुलक्या घेत होतो.

आता हा माझ्या एकट्याच्या आवाक्यातला मामला राहिला नव्हता. मी गावाबाहेर राहणाऱ्या कुंभारकाकांना गाठलं. काका सत्तरीचे, हात फळीसारखे. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू कठीण होत होता.

"पन्नास वर्षं झाली चाकावर बसतोय," ते म्हणाले. "माझं मडकं गळतं असं आजपर्यंत कोणी म्हटलेलं नाही. आणि तुम्ही घरी येऊन गळकं मागताय?"

मी मुकाट्याने उठलो. दारापर्यंत आल्यावर, अब्रू आता गेलेलीच आहे म्हणून बोलून मोकळा झालो. बायकोच्या बहिणीचा गुडघा, तीन वर्षं, बावीस झाडं, सगळं सांगून टाकलं. काकांनी हातातली माती खाली ठेवली.

"सगळी बावीस?"

"बावीस."

"नुसतं पाणी घालून?"

"हो."

"या, बसा," ते म्हणाले. "माझ्या घरीही गुडघे आहेत."

त्यांनी भुशाची माती चाकावर घेतली, हाताला टोचते म्हणून तिला चार शब्द ऐकवले आणि दोन दिवसांत पंधरा भांडी उतरवली. मला चौदा हवी होती, एक फुटातुटीला म्हणून. ती वाळायला ठेवल्यावर त्यांनी मला एक जुना, भाजलेला, कोरडा तुकडा दिला आणि म्हणाले, "जीभ लावा." मी लावली आणि ती चिकटली. छिद्रं जिभेचं पाणी ओढून घेतात, म्हणून जीभ धरून ठेवतात. "जीभ चिकटली की माल गळका," काका म्हणाले. "वाईट मालाची हीच परीक्षा आहे. तुमच्यासाठी चांगल्याची."

भाजायला काकांची स्वतःची भट्टी राहिलेली नव्हती. धुराच्या तक्रारींमुळे ती बंद झाली होती आणि आता सगळ्यांना सार्वजनिक भट्टी केंद्रात जावं लागत असे. तिथे विजेची भट्टी होती, दोन खिडक्या होत्या आणि एक पाच पानी अर्ज होता. अर्जात 'वस्तू', 'वस्तूचे प्रयोजन' आणि 'मिश्रणातील घटक' असे रकाने होते. मी घटकांत खरं ते लिहिलं. खिडकीतल्या कारकुनाने ते वाचून विचारलं, "लाकडाचा भुसा जळतो ना?" मी म्हणालो, तो जळावा हीच इच्छा आहे. त्याने अर्ज अग्निसुरक्षा टेबलाकडे पाठवला. तिथले गृहस्थ म्हणाले की भट्टीत ज्वालाग्राही वस्तू ठेवायला मनाई आहे. भट्टीत नेमकं काय ठेवायला परवानगी आहे असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी भट्टी हळूहळू तापवायची, धुराड्याचं झाकण उघडं ठेवायचं आणि अर्जदाराने शेजारी वाळूची बादली घेऊन उभं राहायचं, या अटींवर मंजुरी मिळाली. मी नऊ तास बादली घेऊन उभा होतो. बादली आणि मी यांचा ऋणानुबंध जुना आहे.

दोन दिवसांनी भट्टी निवाली आणि माल बाहेर आला. फिकट तांबडा रंग, हातात घेतलं तर कागदाइतकं हलकं. मी आजूबाजूला पाहिलं, कोणी नाही असं बघून एका भांड्याला जीभ लावली, आणि ती अशी पक्की चिकटली की माझा जीव भांड्यात पडला. त्याच वेळी मागून आवाज आला, "काय करताय आपण?"

त्या तपासनीस बाई होत्या. मला उत्तर देणं शक्य नव्हतं, कारण जीभ भांड्याला होती. मी ती सोडवून नमस्कार करेपर्यंत त्यांचं माझ्याबद्दलचं मत पूर्ण झालं होतं.

केंद्राची पद्धत अशी की भाजलेलं प्रत्येक भांडं तपासणीच्या खोलीतून जातं. तिथे ते पाण्याने भरून टिपकागदावर ठेवतात. कागद कोरडा राहिला तर भांड्याच्या तळाशी 'उत्तीर्ण' असा शिक्का बसतो. कागद ओला झाला तर भांडं अनुत्तीर्ण आणि तिथल्या तिथे लाकडी हातोडीने फोडायचं, म्हणजे खराब माल केंद्राच्या नावावर बाजारात जायला नको. बाई एकोणीस वर्षं त्या खोलीत होत्या आणि एकोणीस वर्षांत एकही गळकं भांडं त्या दारातून बाहेर गेलेलं नव्हतं. हे त्यांनी मला अभिमानाने सांगितलं आणि माझं पहिलं भांडं भरून कागदावर ठेवलं. कागद झकास ओला झाला. मी आनंदाने "वा" म्हणतोय तोच हातोडी खाली आली.

"बाई, थांबा," मी म्हणालो. "ते गळायलाच हवं होतं."

"सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरं उचललं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बायकोचं जाणं अकरा दिवसांवर आलं होतं. मी बाईंना सरांचं सगळं व्याख्यान ऐकवलं, पृथ्वी वगळून. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या पुस्तकात दोनच रकाने आहेत. गळतं आणि गळत नाही. गळतं म्हणून चांगलं, असा तिसरा रकाना नाही."

आणि मग, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, माझी नोकरी माझ्या उपयोगाला आली. कचेरी कशी विचार करते हे मला माहीत होतं. युक्तिवाद केला तर कचेरी चिडते, रकाना दाखवला तर विरघळते. मी म्हणालो, "पुनर्तपासणीचा रकाना असेलच." बाईंनी पान उलटलं. होता. प्रयोजनानुसार पुनर्तपासणी, मुदत आठ ते दहा दिवस. खिडकीत बाईंची स्वतःची एक कुंडी होती, त्यातलं झाड इतकं सुकलेलं की आधी मला ते केंद्रातलं प्रदर्शन वाटलं होतं. "दर शनिवार-रविवार मान टाकतं," त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. त्या कुंडीत मी एक भांडं पुरून दिलं. बाकीची कपाटात, कुलपात.

दहाव्या दिवशी गेलो तर खिडकीतलं झाड ताठ उभं होतं आणि बाई त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांनी बोलता बोलता प्रमाणपत्र लिहिलं आणि शिक्का मारला. त्यावर लिहिलं होतं : 'सदर भांडी पुनर्तपासणीअंती समाधानकारकरीत्या गळतात.' एकोणीस वर्षांतलं त्यांचं ते पहिलंच, आणि माझ्या आयुष्यातलं गळतीबद्दलचं सर्वांत चांगलं वाक्य. अशा वेळी त्या कुंडीतलं भांडं परत मागणं मला जमलं नाही. बाईंनीही ते देते म्हटलं नाही.

घरी येऊन मोजली. पंधरातलं एक फुटलं, एक बाईंकडे राहिलं, म्हणजे तेरा हवीत. होती चौदा. चौदावं उलटं केलं तर तळाशी शिक्का होता, 'उत्तीर्ण'. मी काकांना फोन लावला.

"ते माझं," काका म्हणाले. "भुसा न घालता केलंय. वर दगडाने घासून गुळगुळीत केलंय. सगळीच गळकी गेली असती तर केंद्रात माझी काय राहिली असती? एक तरी नीट नको?"

त्यांच्या दृष्टीने तेच एक भांडं होतं, बाकीची तेरा म्हणजे अपघात. मला रागावताही येईना. बायको दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. तिने आधीच बजावलं होतं की भांडी स्वतः बघीन, आणि एक जरी बिनकामाचं निघालं तर चार दिवसांतच परत येईन. मी ठरवलं की ते उत्तीर्ण भांडं कोपऱ्यातल्या निवडुंगाला द्यायचं. त्याला पाणी लागतच नाही.

पण भांडी पुरायला बायको स्वतः बसली. तिने एकेक हातात घेऊन पाहिलं, आणि ते गुळगुळीत, तुळतुळीत भांडं हाताशी येताच थांबली.

"हे किती सुरेख झालंय," ती म्हणाली. "हे लिंबाला."

लिंबाचं ते रोप ताईंनी बीपासून वाढवलेलं होतं. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा त्यांनी ते मांडीवर घेऊन आणलं होतं. बावीस गेली त्यातूनही तेच वाचलं होतं. मी तोंड उघडलं. तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती, तिच्यावर ताईंसाठी विणलेली शाल होती. मी तोंड मिटलं.

"चांगलं दिसतंय," मी म्हणालो.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी मी झाकणं काढून पाहिलं. तेरा भांडी अर्ध्यावर आली होती. लिंबाचं काठोकाठ होतं, आणि त्याची पानं कडेने वळायला लागली होती. मी बादली भरून आणली आणि लिंबासमोर उभा राहिलो. तेवढ्यात फोन वाजला. ताई आज काठी घेऊन दारापर्यंत चालल्या होत्या. मागून त्यांचं हसणं ऐकू येत होतं आणि बायकोही हसत होती. तिचं तसलं हसणं मी विसरलोच होतो.

"झाडं कशी आहेत?" तिने विचारलं.

"मजेत," मी म्हणालो, आणि फोन ठेवून बादली न्हाणीघरात नेऊन ओतली.

मग मी वाटी घेतली. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घातलं. कोरडं लागलं तर अर्धी वाटी. ओलं लागलं तर काही नाही, मुकाट्याने आत यायचं. लिहिताना हे सोपं वाटतं. पण ओल्या मातीसमोर भरली वाटी हातात धरून परत फिरणं ही माझ्यासारख्या माणसाला किती कठीण गोष्ट आहे, हे त्या महिन्यात मला कळलं. रोज सकाळी मी मातीत बोट घालून उभा असायचो. सेक्रेटरी खालून बघायचे. त्यांनी वहीत काय लिहिलं ते मला माहीत नाही.

महिन्याने ती आली. चप्पल न काढताच गॅलरीत गेली. एकेक कुंडी बघत, एकेक झाकण काढत शेवटी लिंबाशी पोहोचली. त्याला वर तीन कोवळी पानं फुटली होती. तिने झाकण उचललं आणि आत बघत राहिली.

"यातलं पाणी कमीच झालेलं नाही."

मी कोवळी पानं मोजायला लागलो.

तिने भांडं मातीतून उपसून काढलं, पाणी ओतून उलटं केलं आणि शिक्का वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"निघायच्या आदल्या दिवसापासून."

"मग महिनाभर याला..."

"बोट घालून बघत होतो. अर्धी वाटी. बहुतेक दिवस तेवढीही नाही."

तिने लिंबाच्या मातीत स्वतःचं बोट घातलं. बराच वेळ तसंच ठेवलं. मग भांडं उचलून स्वयंपाकघरात नेलं, स्वच्छ धुतलं आणि त्यात साखर भरून फळीवर ठेवलं.

"लिंबाला दुसरं भांडं करून आणायला हवं," मी दारातून म्हणालो. "काकांना सांगतो."

"नको," ती म्हणाली. "लिंबाचं तुम्हीच बघा. आणि ताई म्हणत होती, पुढच्या वर्षी दुसरा गुडघा आहे."

तिने चहाचं आधण ठेवलं आणि दोन गाळण्यांमधली बरोबर ती वापरली. मी गॅलरीत जाऊन लिंबाच्या मातीत बोट घालून पाहिलं. माती ओली होती, म्हणून परत आत आलो.